गौराक्काची झेरॉक्स

दरवर्षी भोगीच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, गौराक्का माझ्या दुकानात यायची आणि बटव्यातून कागदाचा एक तुकडा काढून काउंटरवर ठेवायची. तळहाताएवढा तुकडा, चार घड्या पडलेला. तोंडात टाचण्या तशाच धरून म्हणायची, "मार एक झेरॉक्स. गडद मार."

मंगळवार पेठेत तिचं साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान आणि माझं झेरॉक्सचं, मधे एकच भिंत. ती पण अशी पातळ, की इकडं मी शिंकले की तिकडनं "जीती ऱ्हा" यायचं. अकरा वर्षं मी ती झेरॉक्स काढली. मूळ कागद कधीच चुरा होऊन गेला होता. ती आणायची ती गेल्या वर्षीची झेरॉक्स, आणि न्यायची तिची झेरॉक्स. त्यावर रुंद कॉलरच्या शर्टातला एक माणूस, हातात माइक, केसांचा फुगा, आणि खाली अक्षरं: 'एक गळा, दोन आवाज! दोन्ही आवाज : मदनकुमार.' दरवर्षी त्याचा चेहरा थोडा थोडा काळा होत चालला होता, पण अक्षरं मात्र मी सांभाळून ठेवली होती.

मला आपलं वाटायचं, म्हातारीचा जुना हिरो असेल. असतो की प्रत्येकीचा एक. पहिल्या वर्षी मी चेष्टेनं विचारलं पण, "काय गौराक्का, लई आवडतोय वाटतं?"

"व्हय," ती म्हणाली. "लई जीव हाय माझा त्येच्यावर."

"मग भोगीलाच का आठवण?"

तिनं तोंडातल्या टाचण्या काढून पदराला लावल्या. म्हणजे आता काहीतरी महत्त्वाचं बोलणार. "उद्या संक्रांत. उद्या सगळ्यांसंगं गोड बोलाय लागतंय. बोलता बोलता एकाद्याचं इसरून जातंय गं. म्हणून आदल्या दिशीच ताजं करून ठेवायचं."

मला काही कळलं नाही. मी आपली झेरॉक्स दिली आणि तिनं माझ्या हातावर भोगीची भाजी आणि तीळ लावलेली भाकरी ठेवली.

गौराक्का गेल्या चैत्रात गेली. कागलच्याही पलीकडची, सीमेकडची. घरात कानडी, दारात मराठी. लिंगायत घरातली, गळ्यात लिंग, कपाळाला विभूतीचं एक बोट, उंचीला माझ्या खांद्याएवढी. नवरा कागलच्या एमआयडीसीत होता, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. बोलायची आमच्याकडच्या बायकांसारखं, 'येतो', 'जातो', 'सांगतो'. बाहेरगावची माणसं दचकायची, की ही बाई पुरुषासारखं काय बोलतेय. तिचं एक वाक्य होतं, ते सगळ्या गल्लीला पाठ: "टाका सुटला की कापड उसवतंय. मी टाका सोडत न्हाय."

आणि खरंच सोडायची नाही हो! आमच्या भिशीची एक अध्यक्षीणबाई आहे. एकदा माझ्या दुकानात चार माणसांदेखत म्हणाली, "ह्या सुनीचा रंग बघा की, मशीनच्या शाईत बुडवून काढल्यागत." मी हसले. हसायचंच असतं, गिऱ्हाईक असतंय. भिंतीपलीकडं शिलाईमशीन थांबलं, एवढं मला ऐकू आलं. चार महिन्यांनी बाईंच्या मुलाचं लग्न निघालं आणि पिवळाधमक शालू गौराक्काकडं फॉलला आला. फॉल आतनं लावतात. हिनं बाहेरनं लावला. तोही काळ्या दोऱ्यानं. छान घडी घातली, कागदात गुंडाळला, हसत हातात दिला. लग्नाच्या सकाळी बाईंनी नेसायला उघडला आणि अख्ख्या मांडवात त्यांचा आवाज घुमला. भांडायला आल्या तर गौराक्का चष्मा पुसत म्हणाली, "वय झालं की ओ बाई. डोळं बदलाय पायजेत." त्या गेल्यावर भिंतीपलीकडून मला म्हणाली, "सुने, शाईचा रंग जमला न्हवं?"

असली बाई. मला तिच्याबद्दल माया होती ती यामुळंच. माझ्या सख्ख्या माणसांनी माझ्यासाठी कधी कुणाशी भांडण काढलं नाही.

तिची अजून एक सवय होती, त्याचा अर्थही आम्हाला कुणाला लागत नव्हता. आवाज काय होता बाईचा! साठी उलटली तरी स्वच्छ, कोवळा, खणखणीत. पण कुणासमोर म्हणून गायची नाही. गल्लीत बारसं असलं की पाळणा म्हणायला गौराक्काच लागायची, आणि ती सरळ आत जाऊन स्वयंपाकघराच्या पडद्यामागं उभी राहायची. बाहेर बायका बाळाला गोविंद घ्या, गोपाळ घ्या करायच्या आणि आतून पाळणा यायचा. आमच्या मुलीच्या बारशाला मी हाताला धरून ओढलं, "बाहेर ये की, काय नवरी आहेस का?" तर हात झटकून म्हणाली, "मला समोर गाता येत न्हाय. शिकवलंच तसलं मला."

कुणी शिकवलं, ते कळायला तो अंतराळातला सिनेमा यावा लागला.

दिवाळीत आला तो. हिंदीत, मोठ्या खर्चाचा. एका ट्रक ड्रायव्हरचा पोरगा, उजव्या हातात निळी वीज खेळते, आणि तो पृथ्वीपासून कुठल्या कुठं लांब एका मोडक्या यानात अडकलेला. यानात आईचा जुना टेपरेकॉर्डर. गडी एकीकडं राक्षसांना झोडपतोय आणि मागं टेपवर आपल्या लहानपणची गाणी. ढिंच्यॅक ढिंच्यॅक डिस्कोची, लग्नाच्या बँडवर वाजायची तसली. पोरं मारामारीला शिट्ट्या मारत होती आणि आम्ही पन्नाशीकडं झुकलेली माणसं गाण्यांना डोळे पुसत होतो. कॅसेटमध्ये पेन्सिल घालून टेप गुंडाळणारा हिरो बघितला आणि माझा नवरा थिएटरात मोठ्यानं म्हणाला, "आयला, हे तर आपलंच!"

त्यातलं एक गाणं मात्र सगळ्यांच्या डोक्यात बसलं, आणि तेही मराठी. पुरुष विचारतो, "कोण गं तिकडं?" आणि बाई उत्तर देते, "मी रे, मी!" एवढंच धृपद. सिनेमात यानाचे सगळे दिवे गेलेले, चहूकडं काळोख, आणि हिरो ते गाणं बाहेरच्या अंधारात सोडतो. कोण गं तिकडं? आणि लांबून कुठूनतरी दुसऱ्या यानातून उत्तर येतं, मी रे, मी! काटा आला अंगावर. आठ दिवसांत कोल्हापुरातलं प्रत्येक पोरगं हाताला निळी टिकली चिकटवून "मी रे, मी" करत फिरायला लागलं.

माझी मुलगी दुकानात बसून मोबाइलवर तेच लावत होती, आणि भिंतीपलीकडचं मशीन थांबलं. गौराक्का दारात आली. पदराला टाचण्या, हातात कुणाचीतरी हिरवी साडी.

"परत लाव गं ते."

मुलीनं लावलं. गौराक्कानं ते उभ्यानं ऐकलं. मग मुलीला म्हणाली, "जा बाळ, माझ्या दुकानात लाडू हाय डब्यात." ती गेल्यावर खुर्चीत बसली आणि बटव्यातून तो कागद काढून काउंटरवर ठेवला. भोगीला अजून दोन-अडीच महिने होते.

"ह्यो त्यो," ती म्हणाली. "आणि ती बाई म्हंजी मी."

सतरा-अठरा वर्षांची होती तेव्हा. मदनकुमारचा ऑर्केस्ट्रा होता, जत्रांना, गणपतीला कार्यक्रम करायचा. हिचा आवाज त्यानं भजनात ऐकला. लिंगायताची लग्नाची पोरगी ऑर्केस्ट्रात गाणार म्हटल्यावर बाप कुऱ्हाड घेऊन उठला असता. मग मदनकुमारनंच तोड काढली. ती काळ्या पडद्यामागं उभी राहील, गावाला दिसणार नाही, घराण्याचं नाव जाणार नाही. बाप कबूल झाला. पुढं मदनकुमार माइक घेऊन, गळ्यावर हात ठेवून, बाईसारखा मुरका मारून तोंड हलवणार, मागून ही गाणार. लोक वेडे झाले. एक माणूस दोन आवाजांत गातोय! पोस्टरं लागली. 'एक गळा, दोन आवाज.'

"मला त्येचं काय वाटलं न्हाय," गौराक्का म्हणाली. "पोटाला गाणं मिळत हुतं. कॅसेट निघंल तवा तुझं नाव घालतो म्हणाला हुता. देवाफुडं हात ठिऊन."

कॅसेट निघाली, हे गाणं त्यातलंच. ही थोरल्या बहिणीला घेऊन कागलच्या बाजारात गेली, ती विकत घेतली, आणि आतला कागद, या झेरॉक्सचा मूळचा, दुकानातच उघडून वाचला. दोन्ही आवाज : मदनकुमार. तशीच एसटी धरून कोल्हापूरला आली. तो चार-पाच माणसांत बसला होता. हिनं विचारलं, माझं नाव कुठं आहे? त्यानं मान वर करून बघितलं आणि त्या माणसांना म्हणाला, "कोण ही? आमच्यात च्या देत हुती ती पोरगी काय?"

हसली माणसं. ती तशीच परत गेली, त्याच वर्षी बापानं लग्न लावून दिलं, आणि तिनं हे कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

माझं डोकं असं तापलं म्हणून सांगू! मी म्हटलं, "गौराक्का, आत्ताच्या आत्ता पेपरवाल्यांना बोलावू. कंपनीला कळवू. नाव लागलंच पाहिजे तुझं."

"नाव घिऊन काय करू? मशीनवर चिकटवू?" ती कागदाची घडी घालत म्हणाली. "मला नाव नको सुने. माझं एकच मागणं हाय देवाजवळ. त्येनं एकदा भरल्या सभंत इचारावं, कोण गं तिकडं. आणि तिकडं कोणच नसावं. बास."

सिनेमा बघायला मीच तिला घेऊन गेले. पदरानं तोंड अर्धं झाकून बसली. गाण्याला सगळं थिएटर ओरडलं, "मी रे, मी!" तेव्हा ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बघ की, आता सगळीच गौरा झाल्यात." शेवटी पडद्यावर नावं सरकायला लागली. माणसं उठली, झाडूवाली आली, ही हलेना. इंग्रजी अक्षरं एकेक जोडून वाचत बसली होती. मदनकुमारचं नाव आलं, गेलं. "चल," ती म्हणाली. "अजून हाय म्हणायचा."

होता ना. चांगला होता. सिनेमामुळं त्याचं नशीब म्हातारपणी पुन्हा फुललं होतं. मुंबईच्या चॅनेलवर मुलाखती, गळ्यावर हात ठेवून फोटो. इथल्या एका तालीम मंडळानं त्याचा सत्कार ठरवला, फेटा, शाल, श्रीफळ, आणि बोर्डावर मोठ्या अक्षरांत 'दोन्ही आवाजांत, थेट आपल्यासमोर!'

आणि मग एका दुपारी तो आमच्या गल्लीत आला. पांढरे बूट, केसांना कलप, हातात पेढ्यांचा बॉक्स. मी माझं दुकान सोडून तिच्या दुकानात जाऊन बसले. कुणी बोलावलं नव्हतं मला, पण जाणारच होते.

"गौरा," तो म्हणाला, "ओळखलंस का?"

"न ओळखून कसं चालंल? दरसाल बघतो तुमाला."

त्याला ते कळलं नाही. स्टूल ओढून बसला. थोडा वेळ तब्येतीचं झालं, गुडघ्यांचं झालं. मग मुद्द्यावर आला. "पाच मिन्टाचं काम हाय. टेप लावून चालणार न्हाय, आताची पोरं लगेच वळखत्यात आणि मोबाइलवर टाकत्यात. तुझा आवाज अजून तसाच हाय म्हणं, बारशाला गातीस म्हणून कळलं. पडद्यामागं एक खुर्ची ठिवतो. पयल्यागत."

पयल्यागत! मी तोंड उघडलं, पण गौराक्कानं मशीनखालून माझ्या पायावर पाय दिला.

"येतो की," ती म्हणाली. "त्यात काय एवढं."

"आणि ह्या टायमाला नाव—"

"नावाचं ऱ्हाऊ द्या. च्या घेणार? मी च्या बरा करतो."

त्यानं पेढ्यांचा बॉक्स मशीनवर ठेवला. आठवलं असावं. चहा न घेताच उठला. तो गेल्यावर मी पेढ्यांचा बॉक्स उचलून रस्त्यावर फेकायला निघाले, तर तिनं हातातून काढून घेतला. "खुळी का काय? पेढ्यानं काय केलंय आपलं?" आणि एक तोंडात टाकला. मग म्हणाली, "तू म्होरल्या वळीत बस. मला पडद्यामागनं काय दिसणार न्हाय, काळं कापड नुसतं. त्येचं तोंड तू बघायचंस. नीट बघ आणि मला सगळं सांग. चाळीस वर्षं थांबलोय मी."

मार्गशीर्षातली संध्याकाळ होती. हॉल खच्चून भरला होता, निम्मी पोरं हाताला निळ्या टिकल्या लावून आलेली. मी पहिल्या रांगेत, अगदी कडेच्या खुर्चीवर. स्टेजवर मागं काळा पडदा. फेटा बांधून झाला, भाषणं झाली, आणि मदनकुमार उठला. पुरुषाचं पहिलं कडवं त्यानं म्हटलं. खोटं कशाला बोलू, बरं म्हटलं. मग कानाला हात लावला, पडद्याकडं थोडा कलला आणि म्हणाला, "कोण गं तिकडं?"

गळ्यावर हात ठेवला. तोंड उघडलं.

काही नाही.

वाजवणाऱ्यांनी तेवढाच तुकडा पुन्हा फिरवला. तो हसला, पुन्हा विचारलं, "कोण गं तिकडं?" पुन्हा तोंड उघडलं, ओठ हलवले. हॉलमध्ये कुणाच्यातरी हातातला कागद वाजला, तो ऐकू आला मला. तिसऱ्या वेळेला त्याचा आवाज चिरकला. आणि मागच्या पोरांनी एका सुरात उत्तर दिलं, "मी रे, मी!" अख्खा हॉल हसला. कुणीतरी ओरडलं, "ओ पावणं! दुसरा आवाज घरात इसरला काय?" शिट्ट्या सुरू झाल्या. मोबाइल वर झाले. मी त्याच्या तोंडाकडं एकटक बघत होते. उघडंच राहिलं होतं ते. खालची कवळी सुटून थोडी पुढं आलेली. फेट्याखालून कलपाचा काळा ओघळ कानापर्यंत आलेला. मला आनंद झाला. असा आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता.

मग त्यानं माइक खाली केला. लोकांकडं पाठ केली, पडद्याकडं तोंड केलं, आणि दोन्ही हात जोडले. वाकून. मी कडेला होते म्हणून मला दिसलं. ओठ हलले त्याचे. "गौरा, चुकलं माझं," असं काहीतरी. गलक्यात दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसेल. पडद्यामागूनही काही आलं नाही. येणार कसं? गौराक्का तेव्हा मागच्या दारानं बाहेर पडलेली होती.

मी पळत बाहेर आले तर ती गाड्या लावतात तिथं, एका स्कूटरला टेकून उभी होती. तोंडात सुपारी.

"सांग," ती म्हणाली. "कसं हुतं तोंड?"

मी सगळं सांगितलं. कवळी सांगितली. कलपाचा ओघळ सांगितला. पोरांचं हसणं, ते 'ओ पावणं' ओरडणं, सगळं. ती मान डोलवत ऐकत होती. "चाळीस वर्षं मी गप बसलो, ते त्येला कदी ऐकू आलं न्हवतं," ती म्हणाली. "आज आलं." आणि माझा हात धरून घरी चालत आली. हात जोडल्याचं मी सांगितलं नाही. विसरले असं नाही.

त्या दिवसानंतर मदनकुमार कुठं दिसला नाही. पुण्याला मुलाकडं गेला म्हणे. ती क्लिप मात्र घरोघरी गेली. टेप बंद पडली असंच लोक समजले. पडद्यामागं बाई होती हे आजही कुणाला माहीत नाही.

मग भोगी आली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मला वाटलं, आता ती कशाला येतेय झेरॉक्सला? मिळालं की सगळं. बाराला आली. हातात भाजी-भाकरीचा डबा, आणि दुसऱ्या हातात तिळगुळाची पुडी, वर दोरा बांधलेला. तोंडात एक टाचणी नाही. खुर्चीत बसली आणि पुडी मांडीवर ठेवली.

"सुने, एक इचारू?"

"विचार की."

"झोप लागंना गं मला. म्हातारा माणूस हाय. जाऊ दे म्हंते मन. ही पुडी लावावी का पुण्याला?" मग माझ्याकडं बघितलं. "पर तू एक सांग. त्या दिशी शेवटाला त्यो पडद्याकडं वळला हुता काय? एकदा तरी?"

मशीन तापत होतं, त्याचा दिवा मिणमिणत होता. मला सगळं आठवलं. जोडलेले हात आठवले. आणि त्याच्यावर 'च्या देत हुती ती पोरगी' आठवलं, ते मला तर कुणी म्हटलंही नव्हतं. ती सोडून द्यायला निघाली होती. मला सोडायचं नव्हतं. तिनं त्याला सोडलं असतं, तर माझ्यासाठी भांडणारं एकमेव माणूस मऊ झालं असतं, आणि ते मला सोसलं नसतं. हे असंच होतं, दुसरं कारण नाही.

"नाही," मी म्हटलं. "फेटा सांभाळत सरळ निघून गेला."

"व्हय?"

"व्हय."

तिनं पुडीची गाठ सोडली आणि त्यातला एक तिळगूळ काढून माझ्या तळहातावर ठेवला. दुसरा स्वतः खाल्ला. मग बटवा उघडला, चार घड्यांचा कागद काढला, हातानं सारखा केला आणि काउंटरवर ठेवला.

"मग मार एक झेरॉक्स," ती म्हणाली. "गडद मार."

मी गडद मारली. ती उजेडाकडं धरून बघितली तिनं, छान आली म्हणाली, आणि उंबरा उतरून तिच्या दुकानात गेली. भिंतीपलीकडं मशीन सुरू झालं. तिनं दिलेला तिळगूळ मी न खाता गल्ल्यात ठेवून दिला.